सात भोकांचा पिपा

मित्रांनो, मी तेलाचा पिपा आहे. वयाने जुना, आणि दिसायला वयापेक्षाही जुना. माझ्या एका अंगावर गंज चढला आहे, कडी तुटली आहे आणि बुडाला सात भोके आहेत. मला पाहून तुम्ही म्हणाल, हे तर भंगार. खुशाल म्हणा, मी रागावणार नाही. तरुणपणी मात्र मी फार गर्विष्ठ होतो. म्हणून माझी गोष्ट त्या गर्वापासूनच सुरू करतो.

ज्या वर्षी माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याच वर्षी नागपुरात पत्र्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. चकचकीत पत्रा कापला, चारी बाजूंनी वाकवला, सांध्यांना डाख दिला आणि मी उभा राहिलो. मग एका मिस्त्रीने माझे तोंड बंद करून मला पाण्याच्या टाकीत दाबून धरले. बुडबुडा आला की पिपा बाद, असा तिथला नियम होता. माझ्यातून एकही बुडबुडा आला नाही. मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पक्का आहे." तेवढ्याने मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलो, तो पुढे सहा वर्षे खाली उतरलो नाही.

माझ्यात जवसाचे तेल भरले गेले आणि मी इतवारीतल्या एका किराणा दुकानात आलो. शेजारच्या पिप्यांतून तेल पाझरून फळी काळी झाली होती. माझ्याखालची फळी कोरडी होती. मी शेजाऱ्यांकडे तुच्छतेने पाहायचो.

तेल संपल्यावर मला गोपिका घेऊन गेली. तिचे नुकतेच लग्न झाले होते. तिचा नवरा रुपराव सदर भागातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखान्याच्या मागच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर, त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि समोर लहानशी गच्ची. घरातली बाकीची भांडी माहेरची होती, आहेरात आलेली होती. मला मात्र तिने स्वतः दहा पिपे वाजवून, उलटेपालटे करून पसंत केले होते. तिने माझे तोंड कापून घेतले, झाकण आणि कडी बसवून घेतली, सोड्याच्या गरम पाण्याने मला तीनदा घासले आणि तीन दिवस उन्हात ठेवले. मग माझ्यात गहू भरला, मधून मधून कडुनिंबाचा पाला घातला आणि मला दोन विटांवर बसवले. दसऱ्याला ती चुलीबरोबर मलाही झेंडूचे फूल वाहायची.

शेजारच्या सिंधूताईंच्या गव्हाला पावसाळ्यात हमखास ओल लागायची. मग त्या आमच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "गोपिका, तुह्या पिप्यात तं पाणी सोड, हवाबी जात नाही वं." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. आता पिप्याच्या अंगावर मांस कसे चढेल, असे विचारू नका.

अशी सहा वर्षे सुखात गेली. सातव्या उन्हाळ्यात रुपराव आपल्या वडिलांना घरी घेऊन आला.

वडिलांचे नाव चंपतराव. पारशिवनीच्या पलीकडे एका लहान गावात त्यांचे घर आणि शेत होते. पेंच नदीवर धरण झाले आणि ते गाव बुडितात आले. लोकांना दुसरीकडे जागा मिळाली. कोणी तिकडे गेले, कोणी नातेवाइकांकडे. चंपतरावांची बायको रुख्मिणी आदल्या वर्षीच वारली होती. एकटा म्हातारा नव्या जागी काय करणार, म्हणून मुलगा त्यांना नागपूरला घेऊन आला. सामान म्हणाल तर एक ट्रंक, एक घोंगडी आणि फडक्यात बांधलेला एक वाळका भोपळा.

चंपतराव दिवसभर गच्चीच्या दाराशी बसून राहायचे. ताटातले अर्धे जेवायचे आणि उठायचे. तहान लागली तर माठाकडे पाहत बसायचे, पण पाणी मागायचे नाहीत. सुनेच्या घरात आपण पाहुणे आहोत, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. गोपिकाही त्यांना फार भ्यायची. सासऱ्यांसमोर तिचा पदर डोक्यावर असायचा आणि तोंडाला जणू कुलूप. लग्नाला सहा वर्षे झाली होती, पण ती दोघे एकमेकांशी दहा वाक्येही बोलली नसतील. दोघांचीही मने चांगली होती हे मी रोज पाहत होतो. पण मूग गिळून गप्प बसण्यात दोघेही एकमेकांना हार जात नव्हते.

एके दिवशी चंपतरावांनी तो भोपळा गच्चीवर उपडा केला. आतून राख पडली, कीड लागून भुगा झालेले पुष्कळसे दाणे पडले आणि वालाच्या अकरा चांगल्या बिया निघाल्या. काळ्याभोर, एका कडेला पांढरी रेघ असलेल्या. संध्याकाळी रुपराव कामावरून आला, तेव्हा ते त्याला म्हणाले, "तुह्या मायचे वाल आहेत. घर रिकामं करताना आढ्याले सापडले."

रुपरावाने एक बी हातात घेतली. "जांभळ्या कडेच्या शेंगाचे?"

"तेच. गोठ्यावर वेल चढवे ते. साऱ्या गावानं तिच्याकडून बी नेलं." चंपतरावांनी बी त्याच्या हातातून परत घेतली. "आता गावबी गेलं अन् बीबी गेलं. दोन साल जुनं आहे हे. यंदा मातीत पडलं नाही, तं मंग उगवत नाही."

"मंग लावू ना, बाबा."

"कुठी लावू?" त्यांनी गच्चीच्या सिमेंटकडे पाहिले आणि बिया परत भोपळ्यात टाकल्या.

गोपिका चुलीपाशी होती. तिने सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झाकण काढून माझ्यातला गहू पोत्यात ओतला, मला पुसले आणि उचलून चंपतरावांच्या पुढे ठेवले. "मामाजी, यात लावा," ती म्हणाली आणि लगेच आत गेली.

खरे सांगतो, मला आनंद झाला नाही. सहा वर्षे गहू सांभाळला आणि आता माती? त्या पोत्यातल्या गव्हाला चार महिन्यांत कीड लागेल, मग माझी किंमत कळेल, असे मी मनात म्हणालो.

रुपरावाने गावाबाहेरच्या एका शेतातून सायकलवर काळी माती आणली. माती भरण्याआधी चंपतरावांनी मला उलटे केले. माझ्या बुडावरून हात फिरवला. मधोमध अंगठा दाबून पाहिला. मग त्यांनी दाराकडे पाहिले. गोपिका तिथे उभी होती. एवढ्या वर्षांत तिने घासून घासून माझे बूड आरशासारखे ठेवले होते.

"याले..." चंपतराव म्हणाले.

"काय, मामाजी?"

"काही नाही."

त्यांनी मला सरळ केले, माती भरली आणि सहा बिया लावल्या. पाच मागे ठेवल्या, कारण जवळचे सगळे बी कुणबी एका वेळी मातीत घालत नाही.

मित्रांनो, पुढे काय झाले असेल ते तुमच्या लक्षात आले असेल. आषाढाची झड लागली. चार दिवस पाऊस थांबला नाही. वरून पडलेले पाणी माझ्यात उतरत होते आणि खाली साठत होते. काळी माती आधीच पाणी धरून ठेवणारी. तिचा चिखल झाला. चिखलाला वास येऊ लागला. आणि मी काय करत होतो? मी छाती फुगवून उभा होतो. एक थेंब गळू दिला नाही. मिस्त्रीचा शब्द राखला.

बी लावल्यापासून नवव्या दिवशी चंपतरावांनी चिखलात बोट घातले. बी निघाली ती बुळबुळीत, कुजलेली. त्यांनी दुसरी काढली, तिसरी काढली. सहाही तशाच. त्यांनी हात धुतले, आत गेले आणि ट्रंक उघडून घोंगडी घडी करू लागले. त्या दिवशी सकाळी त्यांनी ताटाला हातही लावला नव्हता.

रुपराव कामावर गेला होता. गोपिका दारात उभी राहून पाहत होती. शेवटी तिने पदर सावरला आणि विचारले, "मामाजी, कुठी जाऊन राहिले?"

"धोंडबापाशी. नव्या गावात."

धोंडबा हा त्यांचा गावचा मित्र. नव्या वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत त्याची सात माणसे राहत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

"तिथी कुठी झोपसाल?"

"झोपीन कुठीबी." ते ट्रंकेवर वाकलेलेच होते. "इथी राहून काय करू? हातातलं बी कुजवलं मी."

"काहून कुजलं, मामाजी?"

"पाणी निघाले वाट नव्हती. बुडाले भोक नव्हतं."

मग जे गोपिकेने नऊ दिवस आधी विचारायला हवे होते, ते तिने विचारले. "तुम्हाले माहीत होतं?"

"जलमभर शेती केली वं. माहीत कसं नाही?"

"मंग भोक पाडलं काहून नाही?"

चंपतराव सरळ उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे नीट पाहिले. "तुह्या पिप्याले मी कसा भोक पाडू? तू त्यात खायाचा गहू ठेवत होती. दसऱ्याले फूल वाहत होती. भोक पडल्यावर तो कोणत्या कामाचा राह्यते? बी उगवलं असतं, पण तुह्या संसारातली वस्तू माह्यानं गेली असती."

गोपिकेच्या डोळ्यांत पाणी आले. राग आला की वाईट वाटले, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही असेल. ती आत गेली. येताना एका हातात मोठा खिळा होता आणि दुसऱ्या हातात पाट्याचा वरवंटा. तिने मला आडवे केले. चिखल गच्चीभर पसरला. मग मला पालथे घातले, मधोमध खिळा धरला आणि वरवंटा हाणला.

मित्रांनो, असे दुखणे मला आयुष्यात माहीत नव्हते. माझ्या आवाजाने गल्लीतली कबुतरे उडाली. पण तिचा हात थांबेना. दुसरे भोक, तिसरे, चौथे. सिंधूताई धावत आल्या. "काहून वं, चांगला पिपा काहून फोडून राहिली?" गोपिका रडत होती आणि हाणत होती. सात भोके झाली तेव्हा चंपतरावांनी खाली बसून तिचा हात धरला.

"बस आता. चाळणी करतं का त्याची?"

ती रडता रडता हसली. तेही हसले. त्या घरात त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. घोंगडी त्या दिवशी परत खुंटीवर गेली.

आता चंपतराव मोकळेपणाने सांगू लागले आणि गोपिका करू लागली. बुडाशी फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे, त्यावर वाळूचा थर, मग शेणखत मिसळलेली माती. बी लावायच्या वेळी त्यांनी भोपळा तिच्यापुढे धरला. "माह्या हातचं गेलं. आता तू लाव." तिने भीत भीत तीन बिया लावल्या आणि दोन परत ठेवल्या. सात दिवसांनी दोन कोंब वर आले. एक चिमणीने खुडून नेला. उरला एक.

त्या एका कोंबासाठी घरातल्या तीन माणसांनी जे केले, ते पाहून माझा उरलासुरला गर्वही गेला. रुपराव कामावर जाताना आधी माझ्यात डोकावायचा. गोपिका डाळ-तांदूळ धुतलेले पाणी बेतानेच घालायची. चंपतराव तर चिमण्या हाकायला हातात फडके घेऊनच बसायचे. माझ्या सातही भोकांतून पाणी टपटप गळायचे आणि विटेवर डाग पडायचा. ज्या डागाबद्दल मी शेजारच्या पिप्यांना हसलो होतो, तोच डाग. पण माती श्वास घेत होती आणि मूळ माझ्या अंगाला चाचपत खाली उतरत होते. आत काही जिवंत असणे म्हणजे काय, ते मला तेव्हा समजले. गव्हाने मला कधी असे चाचपले नव्हते.

वेल सुतळीवर चढला, खिडकीच्या गजांवर गेला. तो पाहून सिंधूताईंनी आपली गळकी बादली आणली. "याचं काही होते का, पाहा ना." चंपतरावांनी तिच्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावली. मग टवके उडालेल्या तसराळ्यात पालक आला, मान फुटलेल्या माठात पुदिना आला, छापखान्यातल्या रिकाम्या डब्यात सदाफुली फुलली. गल्लीतल्या बाया फुटकी भांडी फेकण्याआधी म्हाताऱ्याला दाखवायला लागल्या. ते प्रत्येकीला आधी एकच प्रश्न विचारायचे. "हे भांडं तुले परत तं नाही लागत? मंगच भोक पाडीन." एकदा पोळले होते ना!

पौषात शेंगा लागल्या. कड अगदी जांभळी. सिंधूताई म्हणाल्या, "चार तं द्या तोंडाची चव पाह्याले." चंपतराव म्हणाले, "पुढच्या साली टोपलंभर देतो." पहिल्या सालची एकही शेंग त्यांनी कोणाला खाऊ दिली नाही. सगळ्या वेलावरच वाळू दिल्या. गोपिकेने त्या सोलल्या आणि दाणे सुपात घालून माझ्या शेजारी उन्हात ठेवले. एका वेलाचे ते, पण सूप झाकले गेले होते.

आणि तेव्हाच एके दुपारी धोंडबा भेटायला आला. धोतराच्या सोग्यात चार संत्री बांधून आणली होती. जिने चढून दमला होता. गच्चीवर बसला, पाणी प्यायला आणि त्याची नजर सुपाकडे गेली. त्याने एक दाणा उचलला आणि उन्हात धरला.

"चंपतभाऊ, हे तं रुखमावहिनीचे वाल होय."

"होय."

दाणा हातातच ठेवून धोंडबा म्हणाला, "आमच्या तिथी कोणापाशीच नाही गा. सामान हलवायच्या घाईत बी कोणी घेतलं नाही. बाया आठवण काढतात. मूठभर दे मले."

चंपतराव सुपाकडे हात नेतील असे मला वाटले. त्यांनी नेला नाही. ते म्हणाले, "मले काय मागतं? आमच्या घरी बी घरच्या बाईपाशी राह्यते. माह्या मायनं रुख्मिणीच्या हाती देल्लं होतं. आता ते सूनबाईपाशी आहे. तिले माग."

गोपिका उंबऱ्यात उभी होती. तिला हे कोणी सांगितले नव्हते. तिला वाटत होते, आपण फक्त सासऱ्यांचे वाल वाळवत आहोत.

धोंडबा उठला. वयाने तो तिच्या वडिलांएवढा. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्यापुढे पसरला आणि म्हणाला, "बाई, तुह्या घरचं बी दे."

गोपिका सुपाजवळ बसली. तिने ओंजळ भरली आणि दुपट्ट्यात ओतली. मग पुन्हा भरली आणि पुन्हा ओतली. काही दाणे माझ्या अंगावर पडून टणटण वाजले, ते तिने एक एक करून वेचून दुपट्ट्यात टाकले. चंपतराव तोंड फिरवून वेलाकडे पाहत बसले. त्या रात्री ते ताटातले सगळे जेवले आणि वर म्हणाले, "अजून अर्धी पोळी दे वं."

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. चंपतरावांना जाऊनही चार वर्षे झाली. धोंडबाच्या नव्या वस्तीत पत्र्याच्या खोल्यांवर आता जांभळ्या कडेच्या शेंगा लोंबतात म्हणे. माझा गंज वाढतो आहे, पण गोपिका मला टाकत नाही. दरवर्षी मृग लागला की मला रिकामे करते, भोकांतून खिळा फिरवून अडकलेली माती मोकळी करते आणि राखेतल्या बिया काढते.

अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने स्वतःसाठी काही मागायचे असते. मला माझ्यासाठी काही नको. घरातली फुटकी भांडी टाकण्याआधी दोनदा पाहा, एवढे तर तुम्ही न सांगताही कराल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी कोणी अर्धे ताट ठेवून उठत असेल, कोणी बोलता बोलता थांबून "काही नाही" म्हणत असेल, तर त्याचे ते "काही नाही" खरे मानू नका. जवळ बसा आणि पुन्हा विचारा. त्या सहा बिया पावसाने कुजल्या नाहीत. त्या आम्हा तिघांच्या गप्प राहण्याने कुजल्या. त्यातला मी तर पत्र्याचा, मला विचारता आले नसते. तुम्हाला येते.